हाडांचा पंचनामा

शाळेच्या पुस्तकात एक गोष्ट असते. पूर्वी माणूस रानात भटकत होता. कंदमुळं खायचा, शिकार मिळाली तर जेवायचा, नाही तर उपाशी झोपायचा. मग त्याला शेतीचा शोध लागला, त्याने घर बांधलं आणि तो पोटभर जेवायला लागला. आपली पोरं ही गोष्ट घोकतात. साहेब लोक सभेत आपल्याला तीच ऐकवतात, फक्त 'पूर्वीचा माणूस' काढून तिथं 'तुम्ही लोक' घालतात. तुम्ही लोक रानावर जगता म्हणून तुमची पोरं वाळलेली. रान सोडा, सडकेला या, गहू खा, म्हणजे सुधाराल.

आता या गोष्टीला साक्षीदार कोण? त्या काळात लिहिणं नव्हतं, सातबारा नव्हता, दवाखान्याचं रजिस्टर नव्हतं. पण एक साक्षीदार जमिनीत पुरलेला आहे. मेलेल्या माणसाची हाडं आणि दात. जगभर गेली कित्येक वर्षं शास्त्रज्ञ ही हाडं उकरून, मोजून, भिंगाखाली धरून त्यांचा जबाब घेत आहेत. हाडाला साहेबाची भीड नाही आणि आपलीही नाही. तो जबाब या वेळी आपल्यापुढं मांडतो. मजकूर लांब आहे. वाचून दाखवणाऱ्याने दोन बैठकांत वाचला तरी चालेल.

दातापासून सुरू करू, कारण तो घरच्या घरी बघता येतो. कायमचे दात हिरडीच्या आत पोर तान्हं असल्यापासूनच घडायला लागतात. भिंत लिंपावी तसं थरावर थर चढतात, टोकाकडून हिरडीकडं. पोर जोराने आजारी पडलं किंवा बरेच दिवस पोटाला मिळालं नाही, तर हे लिंपण थांबतं. पोर सावरलं की पुन्हा चालू होतं. पण थांबल्याची खूण दातावर आडवी रेघ किंवा खाच म्हणून राहून जाते. मोडलेलं हाड सांधतं, कातडीची जखम भरते, दाताचं कवच मात्र पुन्हा भरत नाही. म्हणून चाळीस वर्षांच्या माणसाच्या दातावर तो तीन वर्षांचा असतानाचा दुष्काळ वाचता येतो. रेघ टोकाजवळ असेल तर दुखणं लहानपणी आलेलं, हिरडीजवळ असेल तर जरा मोठेपणी. सुळ्यावरून नख फिरवून बघा. बऱ्याच जणांच्या नखाला ती लागेल.

बाकीचा जबाब हाडांचा. मांडीच्या हाडावरून उंची निघते. नडगीवर खडबडीत थर चढलेला असेल तर त्या माणसाला बरेच दिवस काही तरी संसर्ग होता. अंगात रक्त कमी असलं की रक्त तयार करणारा हाडातला मगज फुगतो, आणि डोळ्याच्या खोबणीचं छत, कवटीचं हाड चाळणीसारखं भोकाभोकांचं होतं. मणके आणि सांधे झिजलेले असतील तर कुठल्या कामानं झिजले याचा अंदाज बांधता येतो. यात सावधपण लागतं. रक्त कमी होतं ते फक्त खाणं कमी पडल्यानं नाही. जंतानं होतं, हिवतापानं होतं. धुळे, गडचिरोलीकडच्या आपल्या लोकांना सिकलसेल माहीत आहे, त्यानंही हाड असंच बदलतं. एका खुणेवरून निकाल देता येत नाही, चार खुणा जुळाव्या लागतात.

आता जरा लांब जाऊ, अमेरिकेत. कारण तिथं एकाच जागी, एकाच लोकांची, शेती मुख्य होण्याच्या आधीची आणि नंतरची शेकडो माणसं पुरलेली सापडली. इलिनॉय नावाच्या नदीच्या काठची ही जागा आहे. डिक्सनच्या टेकड्या म्हणून ओळखतात. माणसं तिथल्या मूळच्या आदिवासींपैकी. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी हे लोक हरणाची शिकार, मासळी, रानातले कठीण कवचाचे दाणे आणि थोडं पेरलेलं बी यांवर जगत. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत मका वाढत गेला. होता होता मका हेच मुख्य अन्न झालं, वस्ती दाट झाली, माणसं बारमाही एका जागी राहू लागली. पुस्तकातल्या गोष्टीप्रमाणे आता त्यांनी धष्टपुष्ट व्हायला हवं होतं.

दात वेगळं सांगतात. आधीच्या काळात शंभरातल्या सुमारे ४५ जणांच्या दातांवर त्या थांबल्याच्या रेघा होत्या, मक्याच्या काळात सुमारे ८० जणांच्या. रक्त कमी असल्याच्या खुणा चौपट झाल्या. संसर्गाच्या खुणा वाढल्या. मणक्यांची झीज वाढली, म्हणजे काबाडकष्ट वाढले. जन्मलेल्या पोरानं सरासरी किती जगावं, याचा हाडांवरून काढलेला आकडा २६ वर्षांवरून १९ वर आला. (सरासरी १९ म्हणजे सगळे एकोणिसाव्या वर्षी मरत होते असं नव्हे. तान्ही पोरं खूप मेली की सरासरी खाली येते.)

आपल्यातही मक्याची भाकर खाणारे बरेच आहेत. त्यांनी घाबरायचं कारण नाही. मका वाईट नाही, नुसता मका वाईट. त्यात अंग भरणारे काही घटक कमी आणि त्यातलं लोह शरीराला धड लागत नाही. सोबत डाळ, भाजी, मासळी असली तर ती उणीव भरून निघते. डिक्सनच्या लोकांजवळ नदी होती, हरणं होती. मग ती ताटात का कमी पडली? तिथल्या अभ्यासकांचा एक अंदाज असा की खाली दक्षिणेला काहोकिया नावाचं मोठं नगर होतं, आणि इथलं मांस-मासळी तिकडं जात असावी. बदल्यात काय येत होतं? थडग्यांत शंखाच्या माळा सापडल्या, तांबं मढवलेले दागिने सापडले. शंख काही खाता येत नाही. पायलीभर चारोळी घालून मीठ घेतलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना हा व्यवहार समजावून सांगायला नको.

या जागेची आणखी एक हकिकत आहे, ती विषयाच्या जरा बाजूची आहे तरी सांगतो. १९२७ साली डिक्सन नावाच्या माणसानं आपल्या घरच्या जमिनीत ही थडगी उघडली आणि सांगाडे जसेच्या तसे ठेवून वर छप्पर घातलं. लोक बघायला येऊ लागले. पुढं तिथं सरकारी म्युझियम झालं. दोनशेवर सांगाडे, आयाबाया, तान्ही पोरं, उघडी पडलेली, आणि शाळेच्या सहली वरून वाकून बघताहेत. तिथल्या आदिवासींनी सांगितलं, ही आमची माणसं आहेत, झाकून टाका. वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी १९९२ साली ते दालन बंद झालं. हाडांकडून शिकावं हे आपलं म्हणणं आहेच, नाही तर हा लेख लिहिलाच नसता. पण ज्यांची हाडं त्यांना विचारून. आपल्याकडं कुणी उकरायला आलं तर आपणही हेच म्हणायचं.

दुसरी जागा सिरिया देशात, युफ्रेटिस नदीच्या काठी. गावाचं नाव अबू हुरेरा. तिथं धरण बांधायला घेतलं होतं, म्हणून १९७२-७३ मध्ये घाईघाईनं खोदलं. आता ती जागा पाण्याखाली आहे. धरणात काय काय बुडतं हे आपल्याला ठाऊक आहे, हे त्यातलं आणखी एक. तिथं सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी आधी रानचं धान्य वेचणारे आणि हरणं मारणारे लोक राहिले, मग त्याच जागी पेरणी करणारे. थेया मोलेसन या बाईंनी तिथली हाडं तपासली. त्यांना बायकांच्या पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, वाकलेले दिसले. गुडघे खराब, कमरेजवळचे मणके दबलेले. कारण काय, तर दळण. जातं तेव्हा नव्हतं. पाटा-वरवंट्यासारखा दगड जमिनीवर ठेवायचा, त्याच्यापुढं गुडघे टेकायचे, पायाची बोटं दुमडून त्यावर जोर द्यायचा आणि अंग पुढं-मागं करत तासन् तास दाणा भरडायचा. रोज, जन्मभर. वरून दगडाची कच पिठात उतरायची, ती भाकरीबरोबर दातांखाली यायची आणि दात झिजून जायचे. पुरुषांच्या हाडांत ही झीज क्वचित. घरात धान्य आलं, पण ते खाण्याजोगं करायचं ओझं कुणाच्या गुडघ्यावर आलं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, अंगठ्यावर लिहिलेलं आहे. बैठकीत हा भाग बाया बसलेल्या असताना वाचावा. पुरुषांनीही कान देऊन ऐकावा.

अशी बरीच ठिकाणं आहेत. ग्रीस-तुर्कस्तानच्या भागात रानात हिंडणारे पुरुष सरासरी पावणेसहा फुटांच्या आसपास होते, शेती बसल्यावर काही हजार वर्षांत ते सव्वापाच फुटांवर आले. १९८४ साली मार्क कोहेन आणि जॉर्ज आर्मेलागोस यांनी निरनिराळ्या देशांतले असे अभ्यास एका ग्रंथात गोळा केले. बहुतेक ठिकाणी शेतीबरोबर तब्येत उतरली. सगळीकडं नाही, पण बहुतेक ठिकाणी.

आपल्या देशात काय? उत्तर प्रदेशात प्रतापगड जिल्ह्यात सराय नाहर राय, महादहा आणि दमदमा अशी तीन गावं आहेत. अलाहाबाद विद्यापीठानं तिथं जुन्या तळ्यांच्या काठी शिकारी-वेचणाऱ्या लोकांची थडगी खोदली. हे लोक दणकट हाडाचे आणि उंच. पावणेसहा-सहा फुटांचे पुरुष, काही त्याहून उंच, आणि बायाही उंच. दात खूप झिजलेले, कारण खाणं राठ होतं, पण किडलेला दात शोधून काढावा लागतो. पिठूळ, चिकट अन्न दातांत अडकून राहतं आणि कीड धरते, ते यांच्या खाण्यात कमी होतं. मात्र इथं स्वर्ग होता असंही कुणी समजू नये. दातांवर रेघा यांच्याही आहेत. म्हातारपणापर्यंत पोचलेले फार थोडे. सराय नाहर रायच्या एका सांगाड्याच्या बरगडीत दगडी बाणाचं टोक रुतलेलं सापडलं, ते काही हरणानं मारलं नव्हतं.

आणि आपल्या महाराष्ट्रात इनामगाव. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं खोदकाम केलं. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी वसलेलं शेतकऱ्यांचं गाव. ते नऊशे वर्षं नांदलं. जव हे मुख्य पीक, शिवाय गहू आणि डाळी. नदीच्या पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाट. मधोमध पाच खोल्यांचं एक मोठं घर, शेजारी धान्याचं कोठार. बाकीच्यांची घरं लहान. मेलेल्या माणसाला घरातच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडून पुरत, बहुतेक त्यानं उठून जाऊ नये म्हणून. एकाला मात्र चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेला, आणि त्याचे पाय शाबूत. तो गावचा मुखिया असावा म्हणतात. मेल्यावरही कुणाचे पाय तोडायचे आणि कुणाचे नाही, याचा हिशेब त्या काळीही होता.

इनामगावात दोनशेवर दफनं सापडली. त्यांतली बहुतेक लहान पोरांची. दोन मातीची मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत पोर. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी त्यांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास केला. दुधाचे दात घडतात ते आईच्या पोटात आणि जन्मल्यावर पहिल्या वर्षात. त्यांच्यातल्या सुळ्यांवर खळगे आहेत, आणि ते बऱ्याच पोरांत आहेत. म्हणजे अडचण पोर जेवायला लागण्याआधीची आहे, बाळंतिणीच्या आणि तान्ह्याच्या हालाची आहे. पाटाचं पाणी होतं, कोठार होतं, तरी हे होतं. पुढं शेवटच्या दोन-तीनशे वर्षांत तिथं पाऊसमान घटलं असं ढवळीकरांचं मत. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, गहू मागं पडला, आणि लोक पुन्हा शिकारीकडं, रानच्या वेचणीकडं वळले. शेतीनं हात सोडला तेव्हा रान होतं म्हणून गाव तगलं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, झालं तर, शेती म्हणजे रोग. तसं नाही. हाडांचा जबाब उलटतपासणीत टिकला पाहिजे, आणि उलटतपासणी इतर शास्त्रज्ञांनीच घेतली आहे. १९९२ साली काहींनी असा मुद्दा काढला की हाडावर खूण उमटायला वेळ लागतो. हगवण लागून चार दिवसांत गेलेल्या पोराच्या हाडावर काहीच दिसत नाही. ज्याच्या दातावर रेघ आहे, तो त्या दुखण्यातून वाचला म्हणून तर रेघ उमटली. तेव्हा कोरी हाडं म्हणजे निरोगी माणूस असं धरून चालता येत नाही. हा मुद्दा खरा आहे. दुसरा मुद्दा बाळंतपणांचा. आफ्रिकेत कालाहारीच्या रखरखीत मुलखात वेचून जगणाऱ्या बायांच्या दोन बाळंतपणांत तीन-चार वर्षांचं अंतर दिसलं. कडेवर पोर, डोक्यावर ओझं घेऊन चालायचं, आणि पोराला बरेच दिवस अंगावर पाजायचं, त्यामुळे. शेतीत एका जागी बसल्यावर पोराला पेज लवकर चालू करता येते आणि पाळणा लवकर हलतो. जिथं पोरं जास्त जन्मतात तिथं पोरांची थडगीही जास्त. शेती जगभर पसरली ती माणसं धडधाकट झाली म्हणून नाही, माणसं जास्त झाली म्हणून. हे सगळं वजा केलं तरी एक गोष्ट उरते. रानातला माणूस रान खाऊन खुरटला, असं म्हणायला हाडांत पुरावा नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. कुणी तरी तो विचारणारच, तेव्हा आपणच विचारून टाकू. शेतीनं माणूस खंगला तर मग आपण प्लॉटसाठी कशाला भांडतो? सोडून द्यावी दळी, नागली-वरई नको, कंद खाऊन राहू?

असा अर्थ काढणारे दोन जागी भेटतील. एक साहेबांत, जो म्हणेल, बघा, यांना जमीन नकोच आहे. दुसरे शहरातले चांगले लोक, ज्यांना आपण अश्मयुगातले वाटतो आणि तसेच राहावंसं वाटतं. दोघांनाही सांगायचं की आपण अबू हुरेराचे नाही आणि दमदम्याचेही नाही. आपण आजची माणसं आहोत. आपल्या बापजाद्यांनी नागली पेरली, डोंगर नांगरला, आणि रानही वेचलं. हाडांनी ज्याला दोषी धरलं ते पेरणं नव्हे. दोषी धरलं ते एकाच दाण्यावर जगणं, दाटीनं एका जागी घाणीत राहणं, घरातलं सकस बाहेर जाणं आणि बाईच्या गुडघ्यावर सगळं ओझं टाकणं. आपल्या पोरांच्या बाबतीत यातलं काय काय चालू आहे ते मोजा. आषाढात घरातली नागली संपते. रानात जायला गार्ड अडवतो. शेवळं, वास्ते, करांदे, खेकडे मिळायचे ते दिवस तेच. उरतो रेशनचा एकच दाणा, तोही आला तर. मग पोराचा दंड मोजायला ताई येते, आकडा लिहून घेते आणि आईला म्हणते, पोराला नीट खायला घालत जा.

त्या पोराच्या दातावर या आषाढाची रेघ उमटते आहे. आपण रान आणि प्लॉट दोन्ही मागतो ते यासाठी. नागली-वरई पिकायला प्लॉट पाहिजे, आणि पिकाच्या आधीचे ते दोन महिने काढायला रान पाहिजे. एक घ्या आणि एक सोडा, हा सौदा पोराच्या अंगावर पडतो.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक पाड्यानं एक काम करायचं आहे. पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या चार बायांना एकत्र बसवा. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, कुठल्या महिन्यात रानातलं काय काय खायचो ते त्यांच्याकडून लिहून घ्या. भाजी, कंद, फळ, दाणा, मासळी, खेकडा, शिकार, मोहाची फुलं, सगळं. कडुकंद किती पाण्यांतून काढायचा, काय शिजवल्याशिवाय खायचं नाही, तेही. समोर दुसऱ्या रकान्यात लिहा की आता त्यातलं काय मिळतं आणि जे मिळत नाही ते कशामुळे. झाड गेलं, की ओहोळ आटला, की वाट अडवली. लिहिणारं कुणी नसेल तर शाळेतली पोरं बसवा, त्यांना पुस्तकातल्या गोष्टीच्या पलीकडचं काही ऐकायला मिळेल. कागद दिवाळीच्या आत आपल्या भागाच्या कार्यकर्त्याकडं द्या. ज्या पाड्याचा कागद येईल त्याच्या नावानिशी पुढच्या अंकात छापू.